तापमानाच्या रूपांतराचा ताळा: आधी १०४ टाकून बघा

गेल्या पावसाळ्यात म्युनिकहून ताईचा फोन आला. भाच्याला ताप भरला होता. आई साताऱ्याहून त्याच कॉलवर होती. "किती आहे गं?" आईने विचारलं. ताई म्हणाली, "अडतीस पॉइंट नऊ." आई क्षणभर गप्प, आणि मग एकदम, "अडतीस? अगं, पोर गार पडलंय की काय!"

"तू जरा आपल्यात करून सांग," असं मला फर्मान सुटलं. मी घाईघाईत नऊने गुणलं, पाचाने भागलं आणि सांगून मोकळा झालो, "सत्तर." आईने फोन जवळजवळ टाकलाच. बत्तीस मिळवायचे राहिले होते. ते मिळवल्यावर १०२ झाले, तेव्हा आई म्हणाली, "असं सांग ना मग, ताप आहे म्हणून."

लाज वाटायचं कारण असं की माझं पोट याच हिशोबावर आहे. भिवंडीतल्या एका औषधांच्या गोदामात तापमानाच्या नोंदी तपासणं हे माझं काम. दर महिन्याला कुणीतरी येतं, "सर, सूत्र बरोबर आहे, तरी उत्तर चुकतंय." सूत्र शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. चूक सूत्राच्या आजूबाजूला असते आणि ती ठरावीक चार-पाच जागीच असते. त्या जागा एकदा लिहून ठेवाव्यात म्हणून हा उद्योग.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण दोन्ही मापं एकाच घरात नांदतात. हवा सेल्सिअसमध्ये, ताप फॅरनहाइटमध्ये. बाहेर ४२ आणि अंगात १०२, हे एका दमात बोलताना आपल्याला काही वावगं वाटत नाही. एका मापातून दुसऱ्यात जायची वेळ आली की मात्र हात अडखळतो.

बत्तीस वेगळे, एक पूर्णांक आठ वेगळे

सूत्रात दोन कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या कारणांसाठी आहेत. हे डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप दिसायला लागतात.

एकाच रस्त्यावर दोन खात्यांनी दगड रोवलेत असं समजा. पहिल्या खात्याने पाणी गोठतं त्या गावाला शून्य म्हटलं आणि पाणी उकळतं त्या गावापर्यंत १०० दगड लावले. दुसऱ्याने त्याच अंतरात १८० दगड लावले, म्हणजे त्याचे दगड जवळजवळ आहेत. पहिल्याचा एक टप्पा म्हणजे दुसऱ्याचे १.८ टप्पे. शिवाय दुसऱ्याने मोजायला सुरुवातच मागच्या गावापासून केली, त्यामुळे पाणी गोठतं तिथे त्याचा दगड ३२ दाखवतो. हे मागचं गाव म्हणजे डॅनिएल फॅरनहाइटचं थंड मिश्रण. बर्फ, पाणी आणि नवसागर एकत्र केल्यावर जे तापमान मिळतं, त्याला त्याने १७२४ च्या लेखात शून्य म्हटलं होतं.

तर १.८ हे टप्पा केवढा ते सांगतं आणि ३२ हे मोजायला कुठून लागलो ते सांगतं. सेल्सिअसवरून फॅरनहाइटला जाताना आधी टप्पे बदला (× १.८), मग सुरुवात बदला (+ ३२). परत येताना उलट्या पावली यायचं: आधी ३२ काढा, मग १.८ ने भागा (म्हणजेच ५ ने गुणून ९ ने भागा, कारण १.८ म्हणजे ९/५). पायमोजा आधी आणि बूट नंतर घातला असेल तर काढताना बूट आधी निघतो, इतकंच.

ताळा कसा करायचा

कॅल्क्युलेटर असो, एक्सेलची शीट असो की पोराने लिहिलेला प्रोग्रॅम, मी पहिल्यांदा त्यात १०४ फॅरनहाइट टाकतो. उत्तर बरोबर ४० यायला हवं. नाही आलं, तर जे आलं त्यावरूनच चूक कुठली ते कळतं. वैद्याने नाडी बघावी तसं.

८६.२ आलं तर कंस गेला. (१०४ − ३२) × ५ ÷ ९ च्या जागी १०४ − ३२ × ५ ÷ ९ लिहिलंय. कंचेभागुबेव आठवा: कंस नसेल तर गुणाकार-भागाकार आधी होतात, म्हणून ३२ चे आधी १७.८ झाले आणि तेवढेच वजा झाले. माझ्या अनुभवात दहापैकी सहा वेळा हीच चूक.

२५.८ आलं तर भागाकार आधी आणि वजाबाकी नंतर केलीय, म्हणजे बुटावरून पायमोजा ओढायचा प्रयत्न.

५७.८ आलं तर ३२ साफ विसरलेत. माझ्या सत्तरसारखं.

७५.६ आलं तर वजा करायच्या जागी ३२ मिळवलेत. १२९.६ आलं तर अपूर्णांक उलटा झालाय, ५/९ च्या जागी ९/५. २१९.२ आलं तर सूत्र बरोबर आहे पण दिशा चुकलीय, सेल्सिअसवरून फॅरनहाइटला जायचं सूत्र लावलंय.

आणि शून्य आलं तर तो प्रोग्रॅम आहे, आणि लिहिणारा बहुधा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सी किंवा जावामध्ये ५/९ असं लिहिलं की दोन्ही पूर्णांक असल्यामुळे भागाकारही पूर्णांकच मिळतो, म्हणजे शून्य. मग शून्याला कशानेही गुणा. तिथे ५.० / ९.० लिहायचं. शेजारच्या मुलीने यापायी एक अख्खी रात्र काढली होती आणि तिला वाटत होतं की कॉलेजचा कॉम्प्युटरच खराब आहे.

उलट्या दिशेचा ताळा ४० सेल्सिअस टाकून करा. १०४ यायला हवेत. ७२ आले तर ३२ मिळवायचे राहिले, ५४.२ आले तर अपूर्णांक उलटा, १२९.६ आले तर ३२ आधी मिळवून मग गुणलंय.

"मग शून्य टाकूनच बघू की, सोपं पडतं," असं बरेच जण म्हणतात. नको. शून्य सेल्सिअस टाकलं की ३२ येतं, अपूर्णांक सुलटा असला तरी आणि उलटा असला तरी, कारण शून्याला गुणून काहीच बदलत नाही. उणे ४० तर त्याहून फसवं. तिथे दोन्ही मापं जुळतात, उणे ४० सेल्सिअस म्हणजे उणे ४० फॅरनहाइट. त्यामुळे दिशा उलटी झाली असली तरी उत्तर बरोबरच दिसतं. परीक्षेत विचारायला छान आहे, तपासायला निकामी.

फरकाला बत्तीस लावू नका

आता मुख्य दुखणं. वरचा ताळा पास झालेल्या शीटमध्येही हे राहतं, आणि याच्यापायी आमच्या गोदामाचा एक अख्खा दिवस वाया गेलाय.

आमच्याकडे काही माल २ ते ८ सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. त्या खोलीत डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवत राहणारी यंत्रं, असतात आणि महिन्याचा तक्ता एका परदेशी ग्राहकाला फॅरनहाइटमध्ये जातो. तक्त्यात चार रकाने: किमान, कमाल, सरासरी, चढउतार. नव्याने लागलेल्या मुलाने पहिल्या रकान्यातलं सूत्र उजवीकडे ओढलं, चारही रकाने भरले, तक्ता रवाना. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल: तुमच्या शीतखोलीत तापमान ३७ अंशांनी कसं काय हललं?

धावपळ. दाराचं रबर बघितलं, कॉम्प्रेसर बघितला, मेकॅनिकला बोलावलं. त्याने दोन तास घालवून सांगितलं की मशीन झकास आहे. दुपारी चहा पिता पिता माझं लक्ष त्या आकड्याकडे गेलं: ३७.४. पॉइंट चार? मूळ तक्त्यात चढउतार होता ३ अंश. ३ गुणिले १.८ म्हणजे ५.४, अधिक ३२ म्हणजे ३७.४.

चढउतार हे तापमान नव्हे, दोन तापमानांतलं अंतर आहे. दोन दगडांमधलं अंतर मोजताना रस्ता कुठून सुरू झाला याच्याशी काही देणंघेणं नसतं. ३२ दोन्ही टोकांना सारखेच मिळवले जातात आणि वजाबाकीत उडून जातात. म्हणून फरकाला फक्त १.८ ने गुणायचं: ३ सेल्सिअसचा फरक म्हणजे ५.४ फॅरनहाइटचा फरक. मेकॅनिकच्या बिलापुढे मी पेन्सिलने ५.४ लिहून ठेवलंय.

एक्सेलमध्ये कन्व्हर्ट नावाचं तयार फंक्शन आहे, गूगलच्या शोधपट्टीतही रूपांतर होतं, पण या बाबतीत दोन्ही आंधळी आहेत. तुम्ही दिलेला ३ हा थर्मामीटरवरचा आकडा आहे की दोन आकड्यांतला फरक, हे त्यांना कळायला मार्ग नाही. ती ३७.४ च सांगणार.

मग कुठे ३२ लावायचे आणि कुठे नाही? सरासरीला लावायचे, कारण तापमानांची सरासरी हेही एक तापमानच. कमाल-किमानाला लावायचे. चढउतार, वाढ, घट, प्रमाण विचलन आणि अधिक-उणेची सूट यांना लावायचे नाहीत. थर्मामीटरच्या डबीवर ±०.१ सेल्सिअस आणि त्याच्याच पुढे ±०.२ फॅरनहाइट छापलेलं असतं, ते वाचून बघा. तिथे ३२ लावले असते तर त्या थर्मामीटरने काय मोजलं असतं, कल्पना करा.

बातम्यांमध्येही हाच सापळा असतो. पॅरिस करारातली १.५ अंशांची वाढ ही वाढ आहे, म्हणजे २.७ फॅरनहाइट, ३४.७ नव्हे. हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त असं बघतं. न्यू जर्सीतल्या मावसभावाला हे समजावताना ४० चे १०४ करा (३२ लावून) आणि ४.५ चे ८.१ (न लावता). एकाच वाक्यात दोन वेगळे नियम लागतात, म्हणून तर माणूस चुकतो.

तोंडी हिशोब

'दुप्पट करा आणि तीस मिळवा' ही युक्ती सगळीकडे फिरते. दहा अंशाला ती बिनचूक आहे, वीसला दोनाने चुकते. थंड देशात कोट घालायचा की नाही एवढंच ठरवायचं असेल तर ठीक. आपल्या उन्हाळ्यात तिचा काही उपयोग नाही. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, ते खरे १२३.८ फॅरनहाइट. युक्तीने येतात १३२.

त्यापेक्षा हे करा: दुप्पट, त्यातून दहावा हिस्सा वजा, मग ३२ मिळवा. भाच्याचा ताप: ३८.९ चे दुप्पट ७७.८, त्यातून ७.८ गेले, राहिले ७०, अधिक ३२, १०२. ही अंदाजाची युक्ती नव्हे. दोनातून दोनाचा दशांश गेला की १.८ च उरतात. उणे आकड्यांना तेवढं सांभाळा. उणे १० चे दुप्पट उणे २०, दहावा हिस्सा कमी केला की उणे १८ होतात, उणे २२ नव्हे. अधिक ३२, म्हणजे १४.

उलट यायचं असेल तर ३२ काढा, निम्मे करा आणि निम्म्यात त्याचाच नववा हिस्सा मिळवा. १०४ − ३२ = ७२, निम्मे ३६, नववा हिस्सा ४, झाले ४०. नऊचा पाढा नको वाटत असेल तर दहावा हिस्सा मिळवा. उत्तर किंचित कमी येईल, हवेला चालेल, तापाला नको.

तापाला खरं तर हिशोब करूच नका. ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. हे तीन आकडे आईने आता फ्रिजवर चिकटवलेत.

पॉइंटानंतरचे आकडे

९८.६ हा आकडा आपण इतक्या श्रद्धेने बाळगतो की ९८.८ दिसलं तरी घरात कुजबूज होते. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टराने १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या मोजमापांवरून निरोगी शरीराचं तापमान ३७ सेल्सिअस धरलं. ३७ हा सरळ गोल आकडा. त्याला १.८ ने गुणून ३२ मिळवले की ९८.६ येतात. तो पॉइंट सहा शरीरातून आलेला नाही, गुणाकारातून आलाय.

कामाच्या ठिकाणी मात्र पूर्णांक करणं महागात पडतं. २ ते ८ सेल्सिअस म्हणजे ३५.६ ते ४६.४ फॅरनहाइट. कुणीतरी 'सोयीसाठी' ३५ ते ४७ असं बोर्डावर लिहितं. ३५ म्हणजे १.७ आणि ४७ म्हणजे ८.३, दोन्ही टोकं हद्दीबाहेर. मर्यादा पूर्णांकात लिहायचीच असेल तर आतल्या बाजूला सरकवा: ३६ ते ४६. काही लशी एकदा गोठल्या की कायमच्या बाद होतात, त्यामुळे खालच्या टोकाला तर हयगय नकोच. शिवाय मूळ आकडा कधी पुसू नका. एकदा फॅरनहाइट केलं, ते पूर्णांकात आणलं, पुन्हा सेल्सिअस केलं, की ८ चे ७.८ होतात आणि नोंदवहीत ८ कधी दिसतच नाही.

स्वयंपाकघर

बायकोने एकदा केकसाठी एक अमेरिकी रेसिपी घेतली. त्यात ३५० वर ठेवा म्हटलेलं. "आपल्या ओटीजीचा काटा २५० च्या पुढे जातच नाही," ती म्हणाली आणि होता तेवढा, म्हणजे पूर्ण फिरवला. वीस मिनिटांत वरून कोळसा, आत पीठ. २५० सेल्सिअस म्हणजे ४८२ फॅरनहाइट. हवे होते ३५०, म्हणजे १७७ सेल्सिअस, काटा १७५ ते १८० च्या मध्ये.

केक, बिस्किटं, नानकटाई यांच्या रेसिपीत ३०० च्या वरचा आकडा दिसला की तो फॅरनहाइट समजा. ३२५ ला १६०, ३७५ ला १९०, ४०० ला २००, ४२५ ला २२० धरा. पॉइंटांत शिरू नका, घरच्या ओटीजीचा काटाच दहा-पंधरा अंश इकडेतिकडे असतो. ब्रिटिश रेसिपीत 'गॅस मार्क ४' (तिथल्या गॅस ओव्हनच्या काट्यावरचा आकडा) असेल तर तेही १८० च्या आसपासच. आणि 'पंख्याच्या ओव्हनला २० अंश कमी करा' असं सेल्सिअसवाल्याने लिहिलं असेल तर तो पुन्हा फरक झाला: फॅरनहाइटवाल्याने ३६ कमी करायचे. गंमत म्हणजे अमेरिकी रेसिपी साधारण २५ फॅरनहाइटच कमी करायला सांगतात. दोघांचेही केक फुगतात.

रूपांतराचा दोष नसतो तेव्हा

शीटमध्ये सूत्र बरोबर आणि तरी नुसती चूक दाखवणारी खूण येत असेल, तर खणात आकडा नाहीच, मजकूर आहे. '३८ अंश से.' असं एकक चिकटवून लिहिलंय, किंवा दुसरीकडून चिकटवताना उणे चिन्हाच्या जागी लांब रेघ आलीय. ती दिसायला उणेच दिसते. खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाका. उणे चिन्ह साफ गळालं तर त्याहून वाईट, कारण तेव्हा चूक दिसतच नाही: फ्रीझरचे उणे १८ हे १८ होतात आणि शून्याजवळच्या फॅरनहाइटऐवजी ६४.४ येतात.

एसीच्या रिमोटवर अचानक ७५ दिसायला लागलं तर कुणीतरी एकक बदललंय, बहुधा लहान मुलाने. बऱ्याच रिमोटवर अधिक-उणे ही दोन बटणं एकदम दाबून धरली की ते परत फिरतं. ७५ म्हणजे जवळपास २४ च, जे २०२० पासून नव्या स्टार-लेबलवाल्या घरगुती एसीत सुरुवातीलाच ठेवलेलं असतं. डिजिटल थर्मामीटरमध्येही बटण दाबून धरून एकक बदलायची सोय बऱ्याचदा असते. आणि कपाळावर धरायची बंदूक चांगल्या धडधाकट माणसाला ९२ दाखवत असेल तर हिशोब करत बसू नका. ती 'बॉडी'च्या जागी 'सरफेस'वर गेलीय.

सेंटिग्रेड आणि सेल्सिअस यांचं रूपांतर विचारणारेही भेटतात. एकच आहे ते, १९४८ मध्ये फक्त नाव बदललं. केल्विन हवं असेल तर सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा. टप्पा सारखाच असल्यामुळे फरकाला काहीच करायचं नाही. 'वीस अंश म्हणजे दहाच्या दुप्पट उष्ण' असं कुणी म्हटलं तर दोन्ही आकडे केल्विनमध्ये करून दाखवा: २८३.१५ आणि २९३.१५.

परवा सोसायटीतल्या एका काकांनी एलईडी बल्बचा खोका आणून दाखवला. त्यावर ६५०० केल्विन छापलेलं. त्यांनी २७३ वजा करून पाहिले होते आणि बल्ब देवघरात लावावा की नाही, असा त्यांना प्रश्न पडला होता. तो आकडा प्रकाशाच्या रंगाचा आहे, पांढरा की पिवळसर, बल्ब तेवढा तापत नाही, असं सांगितलं. "पण मग तीन हजारवाला घेतला तर वीज कमी लागेल का?" त्यांनी विचारलं.